मेमरी मेटल विकता, मग त्याचे तापमानही सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दाबला, चेपला, पिळला तरी पुन्हा मूळ आकारात येणारा धातू आता नागपूरकरांना नवखा राहिलेला नाही. बर्डीतल्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमची दांडी बोटाभोवती गुंडाळून दाखवतात आणि सोडली की ती सरळ होते. दातांच्या दवाखान्यात वाकड्या दातांवर चढवलेली बारीक तार महिनोन् महिने ओढत राहते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गुंतागुंत झालेली तार गरम पाण्यात पडताच सरळ होते आणि मुले टाळ्या वाजवतात. या सगळ्या मालावर नाव असते ‘मेमरी मेटल’. मात्र ज्या एका आकड्यावर त्याचे सगळे वागणे ठरते, तो आकडा पाकिटावर क्वचितच सापडतो. धातूचे अंतर्गत रूपांतर ज्या तापमानाला पूर्ण होते, तो हा आकडा. कारखान्यात त्याला ‘एएफ’ म्हणतात. डिसेंबरच्या पहाटे ८-१० अंशांवर उतरणाऱ्या आणि मेच्या दुपारी ४५ च्या पुढे जाणाऱ्या आपल्या शहरात हा आकडा माहीत नसताना असा माल घेणे म्हणजे नंबर न तपासता चष्मा घेण्यासारखे आहे. तो वेष्टनावर छापावा आणि घेणाऱ्याने तो मागावा, एवढ्यासाठी हे पत्र.

तक्रारी दोन प्रकारच्या असतात. हिवाळ्यात म्हणतात, ‘स्प्रिंगसारखी म्हणून घेतलेली तार सकाळी वाकवली ती वाकडीच राहिली, माल खोटा निघाला.’ उन्हाळ्यात नेमके उलटे: ‘गरम पाण्यात सरळ होणारी तार आणली, पण ती आधी वाकडीच राहायला तयार नाही, वाकवली की लगेच सरळ होते, मग प्रयोग दाखवायचा कसा?’ दोन्ही वेळा तार बहुतेक चांगलीच असते. पहिल्या तारेचा एएफ १५-२० अंश असतो आणि खोली असते १० अंशांवर. दुसरीचा एएफ ४० असतो आणि टिनाच्या छपराखालचा वर्ग ४२ वर तापलेला असतो. हीच तार फेब्रुवारीत आणली असती तर प्रयोग बिनबोभाट झाला असता.

हे का होते, ते थोडे उलगडून सांगायला हवे. बांधकामावरची साधी बाइंडिंग तार वाकवली की आतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. प्रत्येक अणूला नवे शेजारी मिळतात आणि जुन्या जागी परतण्याचे कारणच उरत नाही, म्हणून तार वाकडी राहते. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूत मात्र घसरण होण्याआधी दुसरेच काही घडते. पंगतीत बसलेली माणसे ओळीने एका बाजूला कलली तर पंगत तिरपी दिसेल, पण कोणाच्या शेजारी कोण बसले आहे हे बदलणार नाही. तसेच इथे अणू कलतात, शेजार सोडत नाहीत. म्हणून परतीची वाट खुली राहते. सरळ बसलेल्या, घनाकार रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात आणि कललेल्या रचनेला मार्टेन्साइट. थंडीत कललेली रचना सुखाने राहते, उष्णतेत सरळ रचना. एएफच्या वर धातू पूर्णपणे सरळ रचनेत असतो. तेव्हा जोर लावून त्याला कलवता येते, पण जोर सुटताच तो परत फिरतो. ही झाली स्प्रिंगसारखी तार. एएफच्या बऱ्याच खाली तो शिशासारखा मऊ असतो, द्याल तो आकार धरून बसतो आणि गरम केल्यावरच परत येतो. ही झाली गरम पाण्याची तार. धातू तोच आहे, फरक फक्त तो कोणत्या तापमानाला हातात आला याचा आहे.

पुन्हा सरळ होण्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. साध्या पोलादाची तार लांबीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास ताणली की कायमची लांब होते. उत्तम स्प्रिंग पोलादही १ टक्क्याच्या आत थांबते. निकेल-टायटॅनियम ६ टक्के ताणून पूर्ण परत येतो, ८ टक्क्यांपर्यंत जवळजवळ परत येतो आणि त्यापुढे मात्र थर घसरतात. वाकवताना ही टक्केवारी काढायला सोपा हिशेब आहे. गोल वस्तूचा व्यास आणि तारेची जाडी यांची बेरीज करावी आणि तिने तारेच्या जाडीला भागावे. १ मि.मी.ची तार २० मि.मी.च्या नळीभोवती गुंडाळली तर १ भागिले २१, म्हणजे ४.८ टक्के. ती बिनधोक परत येईल. तीच तार ५ मि.मी.च्या खिळ्याभोवती वळवली तर १६ टक्क्यांच्या वर जाईल आणि कायमची बिघडेल. ‘कितीही पिळा’ असे कोणी म्हणाले तर हा भागाकार करून पाहावा.

हा गुण पहिल्यांदा दिसला तो १९३२ साली, स्वीडनच्या आर्ने ओलांडर यांना, सोने आणि कॅडमियमच्या मिश्रधातूत. महाग आणि विषारी असल्याने तो प्रयोगशाळेतच राहिला. १९५९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या शस्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत होते. निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ‘निटिनॉल’ हे नाव पडले. ब्यूलरना पहिला सुगावा लागला तो आवाजावरून. थंड झालेली कांब फरशीवर पडली तर शिशासारखा बोदा आवाज येई, गरम कांब पडली तर घंटेसारखी वाजे. कललेली रचना कंप गिळते, सरळ रचना कंप वाहू देते. जाड कांब हाती आली तर आजही ही चाचणी कानाने करता येते.

आता एएफ इतका नाजूक का, ते पाहू. या मिश्रधातूत वजनाने ५५ ते ५६ टक्के निकेल असते, बाकी टायटॅनियम. निकेलची बाजू जड असलेल्या मिश्रणात एका किलोच्या घाण्यात फक्त १ ग्रॅम निकेल इकडचे तिकडे झाले की एएफ साधारण १० अंशांनी हलतो. त्यातच वितळलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि मुशीतला कार्बन शोषून घेते. त्यात टायटॅनियम अडकून पडते, उरलेल्या धातूत निकेलचे प्रमाण वाढते आणि एएफ खाली घसरतो. म्हणून हा धातू निर्वात भट्टीतच करावा लागतो, तोही दोनदा वितळवून. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एखाद्या ओतशाळेने साध्या इंडक्शन भट्टीत हा उद्योग करून पाहू नये. ओतलेली लगड तडकेल, आणि तडकली नाही तरी प्रत्येक लगडीचा एएफ वेगळा येईल. ‘निटिनॉल’ एवढेच लिहिलेल्या दोन रिळांचे वागणे ३० अंशांनी वेगळे असू शकते ते यामुळेच.

पाकिटावर आकडा नसेल तर तो घरी किंवा शाळेत काढता येतो. एक मोठे भांडे, बर्फ, पाणी आणि उणे १० ते ११० अंश दाखवणारे प्रयोगशाळेचे थर्मामीटर एवढेच लागते. तापाचे थर्मामीटर ३५ ते ४२ अंशांपुरतेच असते, ते इथे चालणार नाही. बर्फाच्या पाण्यात तार ५ मिनिटे ठेवावी. पाण्यातच ठेवून ती एका गुळगुळीत नळीभोवती वळवावी. ०.४ मि.मी.ची तार असेल तर १६ मि.मी.ची नळी घ्यावी, म्हणजे ताण २.४ टक्के येतो. अधिक ताण दिला तर आकडा चुकतो. नळी काढल्यावर तार वाकडी राहिली तर पाण्यात थोडे थोडे कोमट पाणी घालत, सतत ढवळत, मिनिटाला एखाद-दोन अंशांहून जास्त न वाढवता तापमान चढवत न्यावे. तार हळूहळू उलगडू लागते. ज्या अंशाला तिची हालचाल पूर्ण थांबते, तो तिचा एएफ. असे तीन वेळा करून मधला आकडा घ्यावा. बर्फाच्या पाण्यातही ती वाकडी राहायला तयार नसेल तर एएफ शून्याच्या जवळ किंवा खाली आहे. मग कोठीत आइस्क्रीम करताना घालतो तसे बर्फात जाडे मीठ घालून उणे १०-१५ पर्यंत उतरावे. घाई केली, ढवळले नाही किंवा थर्मामीटर तारेपासून दूर धरले की ५-७ अंशांची चूक सहज होते. कारखान्यातली प्रमाणित चाचणीही याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे डोळ्याऐवजी कॅमेरा किंवा संवेदक असतो.

तारेला नवा आकार शिकवण्याचे काम महाविद्यालयांत सर्रास चुकते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. मेणबत्तीवर किंवा गॅसच्या ज्योतीत तार धरून आकार ‘शिकवणे’ हा मार्गच नव्हे. ज्योतीत एक बोटभर भाग ८०० अंशांवर जातो, शेजारचा भाग ३०० वरच राहतो. जळालेल्या भागातली स्मृती आणि ताठपणा दोन्ही जातात, आणि नेमकी तिथेच तार पुढे तुटते. योग्य रीत अशी. लोखंडी किंवा स्टेनलेस पट्टीवर बोल्ट लावून साचा करावा आणि तार हव्या त्या आकारात दोन्ही टोकांना घट्ट आवळावी. ती जराही सैल राहिली तर भट्टीत शिरताच जुन्या आकाराकडे पळते. मफल भट्टी (बंद कप्प्याची भट्टी) ५०० अंशांवर स्थिर करावी. साचा आत ठेवल्यावर घड्याळ लगेच लावू नये. साच्याला थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बांधून तो स्वतः ५०० अंशांना पोचला की मग १० मिनिटे मोजावीत. जड साच्याला तेवढे तापायलाच १०-१५ मिनिटे लागतात, आणि बहुतेकांची चूक होते ती इथेच. मग चिमट्याने साचा उचलून तारेसकट बादलीभर गार पाण्यात बुडवावा आणि हलवत राहावा. तारेवर सोनेरी किंवा निळसर छटा येणे ठीक आहे.

तापमान ४०० ते ४५० ठेवून अर्धा-एक तास ठेवले तर निकेलचा काही अंश बारीक कणांच्या रूपाने वेगळा होतो आणि एएफ वर सरकतो. कधी ते मुद्दाम करतात, पण नकळत झाले तर आपलीच तार अनोळखी वाटू लागते. ६०० च्या वर नेले तर तार मऊ पडते आणि वाकवल्यावर पूर्ण परत येत नाही. खूप अरुंद वळण हवे असेल तर एका दमात न वळवता दोन-तीन साच्यांतून टप्प्याटप्प्याने न्यावे. नाहीतर आवळतानाच तार तुटते.

विजेने आखडणाऱ्या तारेचा प्रयोग शाळांना चांगला जमतो आणि स्वस्तही पडतो, पण एक ताकीद आधी देतो. ही तार घरच्या २३० व्होल्टच्या प्लगला कोणत्याही परिस्थितीत जोडू नये. ०.१५ मि.मी.च्या तारेचा रोध मीटरला सुमारे ५५ ओहम असतो. २० सें.मी.चा तुकडा घेतला तर ११ ओहम. दीड व्होल्टचे तीन सेल ओळीने जोडले की ४०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, आणि तेवढाच तिला लागतो. ती ४ टक्के, म्हणजे ८ मि.मी. आखडते आणि ३०० ग्रॅमच्या आसपास ओढते. स्वतःहून ती पुन्हा लांब होत नाही. तिला परत ताणायला खाली वजन किंवा साधी स्प्रिंग हवी, आणि प्रयोग ‘एकदाच चालला’ अशी तक्रार बहुधा हे विसरल्यामुळे येते. टोकांना सोल्डर करायला जाऊ नये. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, त्यावर कथील धरत नाही. पितळी स्क्रूची कनेक्टर पट्टी वापरावी. बटण एखाद सेकंद दाबावे आणि सोडावे. दाबून धरले की तार प्रमाणाबाहेर तापते आणि काही फेऱ्यांत आखडणे कमी होते. मे महिन्यात थंड व्हायला जास्त वेळ लागतो, तेव्हा दोन फेऱ्यांमध्ये अधिक थांबावे. या कामासाठी ७० किंवा ९० अंशांची तार मागावी. ४०-४५ अंशांची तार आपल्या उन्हाळ्यात निरुपयोगी आहे.

चष्म्यांकडे वळतो. ‘मेमरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या फ्रेमा निकेल-टायटॅनियमच्या नसतात. काही बीटा-टायटॅनियमच्या असतात. त्या लवचिक असतात, पण या धातूइतक्या नव्हेत. काही टीआर-९० च्या असतात, आणि ते तर नायलॉनच्या जातीचे प्लास्टिक. तिन्ही चष्मे चांगले असू शकतात, फक्त जे आहे ते सांगावे. खऱ्या फ्रेमांतही दोन जाती आहेत. एक एएफवर अवलंबून असते. तिचा एएफ ५ अंशांच्या खाली असेल तरच ती नागपूरच्या हिवाळ्यात पहाटे फिरायला जाणाऱ्याच्या उपयोगाची. दुसरी थंड अवस्थेत ओढून ताठ केलेली असते. ती ४ टक्क्यांच्या आसपासच्या ताणापर्यंतच परत येते, पण थंडी-उन्हाने तिच्यात फारसा फरक पडत नाही. आपल्या हवेला आम्ही ही दुसरी जात पसंत करू. मेच्या उन्हात बंद गाडीत चष्मा राहिला आणि आत ६० अंश झाले तरी धातूची स्मृती जात नाही, ती पुसायला काहीशे अंश लागतात. काचांवरचे कोटिंग मात्र तडकू शकते.

दुरुस्ती करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. या फ्रेमेला डाग (झाळ) देऊ नका. ज्योत लागलेला भाग मऊ पडतो. शिवाय हा धातू पितळ-पोलादाशी झाळला की जोडाच्या जागी ठिसूळ संयुगे तयार होतात, आणि आठवड्याभरात फ्रेम तिथेच मोडते. कारखान्यातही म्हणूनच दांडी बिजागरीला बहुधा दाबून किंवा लेझरने जोडलेली असते. दांडी सैल वाटते म्हणून पकडीने वाकवायलाही जाऊ नका, ती परत येणारच. कानामागचे टोक आणि नोजपॅडचे पाय वेगळ्या धातूचे असतात, माप तिथे बसवावे. आणि ज्यांना नकली दागिन्यांनी खाज सुटते त्यांना या फ्रेमेत निकेल आहे हे विकतानाच सांगावे. कोटिंग उडालेल्या जागी त्यांना त्रास होऊ शकतो.

दातांच्या तारांमध्ये या धातूचे खरे मोल दिसते. पोलादी तार सुरुवातीला जोरात ओढते आणि दात थोडा सरकला की ढिली पडते. ही तार मोठ्या अंतरापर्यंत जवळजवळ सारख्याच हलक्या जोराने ओढत राहते. म्हणून सुरुवातीला ०.०१४ किंवा ०.०१६ इंची तार लावतात. यांतल्या काही तारा २७, ३५ आणि ४० अंशांच्या एएफने मिळतात, म्हणजे या एका धंद्यात तरी आकडा पाकिटावर छापतात. ३५ ची तार तोंडाच्या उबेने जागी होते. गरम चहा घेतला की काही मिनिटे जास्त ओढते, गार पाण्याची चूळ भरली की सैल पडते. तार चढवल्यावर पहिले दोन दिवस दुखत असेल तर गार पाणी तोंडात धरावे, आराम पडण्यामागे हे कारण आहे. टोक गालाला टोचले तर घरच्या पकडीने ते वळवायला जाऊ नये. ते वळत नाही, उलट दातावरचा ब्रॅकेट सुटतो. तोवर मेण लावून डॉक्टरांकडे जावे.

रूट कॅनालच्या सुयाही याच धातूच्या असतात आणि वाकड्या मुळात सहज फिरतात. पण पोलादी सुई तुटण्याआधी पीळ उलगडून इशारा देते, तशी ही नेहमी देत नाही. वळणात फिरताना प्रत्येक फेऱ्याला एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि थकवा साठत जाऊन ती अचानक तुटते. वरून नवी दिसली म्हणून ती नवी नसते. प्रत्येक सुई किती दातांना वापरली याची नोंद ठेवणे हाच उपाय आहे.

रक्तवाहिन्यांतल्या स्टेंटबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे, तोही दूर व्हावा. हृदयाच्या धमन्यांतले बहुतेक स्टेंट या धातूचे नसतात. ते कोबाल्ट-क्रोमियमचे असतात आणि आत फुगा फुगवून उघडतात. चेपल्यावर उघडणाऱ्या धातूची गरज असते मांडीच्या आणि मानेच्या धमन्यांत. बसता-उठताना मांडीची धमनी वाकते, मानेवर बाहेरून दाब येतो. फुग्याने उघडलेली नळी तिथे एकदा चेपली की चेपलेलीच राहील. निकेल-टायटॅनियमची जाळी बारीक नळीत दाबून बसवलेली असते, नळी मागे ओढली की शरीराच्या ३७ अंशांत आपोआप फुलते आणि पुढे चेपली गेली तरी पुन्हा फुलते. तिचा एएफ म्हणूनच ३७ च्या खाली ठेवावा लागतो. हा धातू लोहचुंबकाला चिकटत नाही, पण एमआरआयच्या आधी स्टेंटचे कार्ड तंत्रज्ञाला दाखवणे आवश्यकच आहे. निकेलची ॲलर्जी असेल तर ती शस्त्रक्रियेच्या आधी सांगावी.

नागपूरच्या दृष्टीने सर्वांत आशेची गोष्ट थंडाव्याची आहे. ही तार झटकन ताणली की गरम होते. तशीच ताणलेली ठेवून खोलीइतकी निवू दिली आणि मग झटकन सोडली तर ती खोलीहून १५-२० अंशांनी थंड होते. रुंद रबरबँड ताणून ओठाला लावला तर असाच, पण सौम्य फरक जाणवतो. या तत्त्वावर कोणत्याही वायूविना चालणारी थंडावा-यंत्रे जगभरच्या प्रयोगशाळांत तयार होत आहेत. २०१४ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अहवालाने कॉम्प्रेसरला पर्याय म्हणून याच मार्गाला सर्वांत आशादायक ठरवले. आपला कूलर कोरड्या मे महिन्यात सोन्यासारखा चालतो आणि पावसाळा लागला की चिकचिक करतो. हवेतल्या ओलाव्याशी ज्याला देणेघेणे नाही असे थंडावायंत्र विदर्भाला हवेच आहे. अडचण थकव्याची आहे. यंत्राला लक्षावधी फेऱ्या हव्यात, आणि ताणलेली तार काही हजार फेऱ्यांत तुटते. ताणल्यावर बारीक भेग उघडत जाते, दाबल्यावर ती मिटते. म्हणून नवी यंत्रे तार ताणण्याऐवजी जाड भिंतीच्या नळ्या दाबतात. तिथे फेऱ्या पुष्कळ वाढतात, पण दाबाखाली नळी मध्येच वाकू न देणे ही नवी कसरत होऊन बसते.

भूकंपासाठीही हा धातू वापरला गेला आहे. इटलीत त्रिन्यानो गावच्या सान जॉर्जो चर्चचा घंटामनोरा १९९६ च्या भूकंपात तडकला. १९९९ मध्ये त्यात उभ्या सळ्यांबरोबर या धातूची साधने बसवली. जून २००० मध्ये जवळपास तेवढाच धक्का बसला आणि मनोरा सुखरूप राहिला. मात्र १९९३ साली किल्लारीत पडली ती दगड-मातीची घरे, आणि त्यांना या महागड्या धातूचा उपाय सांगणे बरोबर होणार नाही. तिथे लाकडी किंवा काँक्रीटची आडवी पट्टी हाच खरा उपाय आहे. वारसा वास्तू आणि पूल यांपुरता हा धातू ठीक आहे.

स्वस्तात काम व्हायचे तर लोखंडाच्या वाटेने जावे लागेल. लोखंड, मँगनीज आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूतही आकाराची स्मृती असते. तो निकेल-टायटॅनियमइतका उसळत नाही, पण काँक्रीटच्या तुळईत सळई रोवून तिला १६०-२०० अंशांपर्यंत तापवले की ती आखडू पाहते आणि जुनी तुळई आवळून धरते. जॅक लावून ओढण्याची गरज पडत नाही. यात १५ ते ३० टक्के मँगनीज लागते. मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या मॉइल कंपनीचे मुख्यालय काटोल रोडवर, मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी आपल्या जिल्ह्यात आणि धातुशास्त्राचा विभाग व्हीएनआयटी या इथल्याच अभियांत्रिकी संस्थेत. हे तिघे एका टेबलाशी बसावेत असे आम्हाला मनापासून वाटते.

शेवटी नेमक्या मागण्या. मेमरी मेटलच्या नावाने तार, फ्रेम किंवा खेळणे विकणाऱ्याने पाकिटावर तीन गोष्टी छापाव्यात: धातू कोणता, एएफ किती अंश, आणि निकेल आहे की नाही. शाळांनी तार मागवताना महिना पाहावा. उन्हाळ्यातल्या शिबिरासाठी ६० अंशांच्या वरचीच तार घ्यावी. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तीन भांडी मांडून ठेवता आली, एकात बर्फाचे पाणी, एकात नळाचे, एकात गरम, आणि शेजारी वेगवेगळ्या एएफच्या तीन तारा, तर मुलांना हा विषय दहा मिनिटांत हाताने कळेल. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी चष्मादुरुस्ती करणाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचे वर्ग घ्यावेत.

संपादक महोदय, जागेअभावी पत्र कापावे लागले तर इतिहासाचा परिच्छेद आधी काढावा. बर्फाच्या पाण्याची चाचणी आणि भट्टीचे आकडे मात्र जसेच्या तसे राहू द्यावेत. ५०० चे ६०० झाले तरी एखाद्या विद्यार्थ्याची तार वाया जाईल.

आपले,
धातुशास्त्र शिकवणारे व उष्णता-प्रक्रियेचे काम करणारे काही वाचक,
नागपूर